सिॲटलचा औटघटकेचा संघ

एखाद्या व्यापाऱ्याचे दिवाळे निघाले की दुकानाची पाटी उतरते, शिल्लक माल लिलावात जातो आणि गिऱ्हाईक मुकाट्याने शेजारच्या दुकानाची पायरी चढते. दिवाळ्यात निघालेली वस्तू एखाद्या शहराचा क्रीडासंघ असेल तर मात्र गिऱ्हाइकाला शेजारचे दुकान उरत नाही. तो माल त्या शहरापुरता नाहीसाच होतो. अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलच्या इतिहासात याचे एक नमुनेदार उदाहरण आहे. ‘सिॲटल पायलट्स’ नावाचा संघ १९६९ च्या एप्रिलमध्ये मैदानात उतरला, त्या हंगामात ६४ सामने जिंकला, ९८ हरला, आपल्या गटात सर्वांत तळाशी राहिला, आणि १९७० चा हंगाम सुरू होण्यास आठवडा उरला असताना न्यायालयाच्या निर्णयाने सुमारे दोन हजार मैलांवरील मिलवॉकी शहरात जाऊन पोहोचला. पहिला हंगाम हाच त्याचा अखेरचा हंगाम ठरला.

या घटनेचा उल्लेख क्रीडाविषयक लेखनात बहुधा विनोदाच्या अंगाने होतो. संघ भिकार होता, मैदान त्याहून भिकार होते आणि लोक फिरकले नाहीत, अशी त्रोटक मीमांसा करून विषय मिटविला जातो. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला ही मीमांसा पटण्यासारखी नाही. पायलट्सचा पहिला हंगाम मैदानावर बुडाला हे खरे नव्हे. तो ज्या अटींवर सुरू झाला त्या अटींतच त्याचे बुडणे लिहिलेले होते. त्या अटी घालणारे कोण होते व त्यांतून लाभ कोणाचा झाला, हे पाहणे हॅरी-रेशांच्या गणितापेक्षा अधिक उद्बोधक आहे.

तेथील व्यवस्था आपल्याला थोडी अपरिचित असल्यामुळे आधी ती समजून घेतली पाहिजे. अमेरिकेतील प्रत्येक बेसबॉल संघ ही खाजगी मालकीची कंपनी असते. अशा कंपन्यांनी मिळून दोन लीग स्थापन केल्या आहेत, अमेरिकन आणि नॅशनल. कोणत्या शहरात संघ असावा, तो कोणाच्या मालकीचा असावा, एका शहरातून दुसऱ्या शहरात तो न्यावा की नाही, हे सारे आधीचे मालकच एकत्र बसून ठरवितात. नव्या माणसाने पैसे जमविले, खेळाडू जमविले, मैदान बांधले, तरी त्यांच्या अनुमतीवाचून त्याला प्रवेश नाही. पोलाद किंवा साखर यांच्या कारखानदारांनी असे संगनमत केले असते तर अमेरिकेचे मक्तेदारीविरोधी कायदे त्यांच्या मानगुटीवर बसले असते. बेसबॉलला ते लागू होत नाहीत. बेसबॉलचे सामने म्हणजे आंतरराज्य व्यापार नव्हे, असा निर्णय १९२२ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने दिला आणि पुढे १९५३ व १९७२ साली तो बदलण्याची संधी आली असताही कायम ठेवला.

पायलट्सचा जन्म याच सवलतीच्या पोटी झाला. चार्ल्स फिन्ली नावाच्या मालकाने १९६७ च्या ऑक्टोबरात आपला ‘ॲथलेटिक्स’ हा संघ कॅन्सस सिटीहून उचलून कॅलिफोर्नियातील ओकलंडला नेण्याची परवानगी मिळविली. हाच संघ अवघ्या बारा वर्षांपूर्वी फिलाडेल्फिया सोडून कॅन्सस सिटीला आलेला होता. त्या शहराचे लोक साहजिकच खवळले. मिसूरी राज्याचे सिनेटर स्टुअर्ट सिमिंग्टन यांनी, बेसबॉलच्या कायदेशीर सवलतीचाच फेरविचार सिनेटमध्ये करावा लागेल, असा दम दिला. हा दम लागू पडला. कॅन्सस सिटीला नवा संघ देण्याचे लीगने कबूल केले, आणि एकाच संघाची भर घातल्यास संघांची संख्या विषम होऊन वेळापत्रक जुळत नाही, म्हणून जोडीला सिॲटलची निवड झाली. हे दोन संघ १९७१ पर्यंत आणावयाचे असा मूळ बेत होता. सिमिंग्टन थांबावयास तयार नव्हते, म्हणून तारीख १९६९ वर आली. थोडक्यात, कॅन्सस सिटीचा राग शमविण्यासाठी सिॲटलची तयारी होण्याआधीच सिॲटलला बोहल्यावर चढविण्यात आले.

आता प्रवेशशुल्काचे पाहू. अमेरिकन लीगच्या दहा जुन्या संघांनी आपापले पंधरा खेळाडू राखून ठेवले. उरलेल्यांतून नव्या संघांनी निवड करावयाची. जुन्या संघाचा एक खेळाडू गेला की त्याने आणखी तिघांना राखून ठेवावे, असाही नियम होता. याचा अर्थ असा की, नव्या संघाच्या हाती प्रत्येक फेरीगणिक अधिकाधिक निकृष्ट माल येणार याची तजवीज आधीच केलेली होती. दोन्ही नव्या संघांनी प्रत्येकी तीस खेळाडू घ्यावयाचे आणि दर खेळाडूमागे १ लाख ७५ हजार डॉलर मोजावयाचे. म्हणजे केवळ खेळाडूंसाठी ५२ लाख ५० हजार डॉलर झाले आणि त्यावर १ लाख डॉलर प्रवेश फी. प्रत्येक जुन्या संघाचे सहा खेळाडू गेले व त्याच्या तिजोरीत १० लाख ५० हजार डॉलर आले. ज्यांना आपल्या पहिल्या पंधरांत जागा नव्हती अशा सहा माणसांची ही किंमत होती. त्या काळी खेळाडूचे किमान वार्षिक वेतन १० हजार डॉलर होते, हे लक्षात घेतले म्हणजे या किमतीचे स्वरूप उमगते. ही रक्कम खेळाडूंच्या हाती पडत नव्हती. ती त्यांच्या जुन्या धन्याला मिळत होती.

वॉल्टर नील या अर्थशास्त्रज्ञाने १९६४ साली व्यावसायिक खेळांच्या विलक्षण अर्थशास्त्रावर एक निबंध लिहिला, तो आजही या विषयाच्या अभ्यासकाला वाचावा लागतो. त्यातील मूळ कल्पना साधी आहे. इतर धंद्यांत प्रतिस्पर्धी नाहीसा झाला तर व्यापाऱ्याचे भलेच होते. खेळाच्या धंद्यात प्रतिस्पर्धी दुबळा झाला तर सामन्यातील गंमत जाते आणि धंदा बसतो. ही मीमांसा खरी मानली तर जुन्या मालकांनी नव्या संघांना हात देऊन उभे करावयास हवे होते. प्रत्यक्षात त्यांनी आधी त्यांचे भांडवल काढून घेतले आणि मग त्यांना आपल्याशी स्पर्धा करावयास सांगितले. दीर्घकालीन हित आणि हातात येणारी रोकड यांत निवड करण्याची वेळ आली की संघटित मालकवर्ग रोकड निवडतो, ही गोष्ट बेसबॉलपुरती मर्यादित नाही.

सिॲटलचे सोरियानो बंधू, ड्यूई आणि मॅक्स, हे काही धनाढ्य गृहस्थ नव्हते. ड्यूई पूर्वी स्वतः खेळलेला, पॅसिफिक किनाऱ्यावरील कनिष्ठ दर्जाच्या लीगचा अध्यक्ष राहिलेला आणि बंदरात जहाजे आत-बाहेर नेणारा वाटाड्याही होता; संघाच्या ‘पायलट्स’ या नावात त्या व्यवसायाचा आणि शहरातील विमान उद्योगाचा असा दुहेरी संदर्भ आहे. पैसे अपुरे पडू लागले तेव्हा क्लीव्हलंड संघाचे पूर्वीचे मालक विल्यम डेली यांना ४७ टक्के भागीदार करून घेण्यात आले. मोठा वाटा बाहेरगावच्या माणसाचा, उरलेले भांडवल कर्जाऊ, आणि त्यातील बहुतेक प्रवेशाच्या दारातच खर्ची पडलेले. अशा संघाला पहिल्या दिवसापासून तिकिटविक्रीवर जगण्यावाचून गत्यंतर नव्हते.

तिकिटे विकावयाची तर मैदान हवे. सिॲटल ज्या परगण्यात आहे त्या किंग काउंटीतील मतदारांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये नव्या क्रीडागारासाठी ४ कोटी डॉलरच्या रोख्यांना मान्यता दिली होती. परंतु जागेच्या वादात ते काम रखडले. तोवर १९३८ साली बांधलेल्या ‘सिक्स स्टेडियम’वर भागवावयाचे होते. एका मद्यउत्पादकाने आपल्या कनिष्ठ संघासाठी उभारलेले हे लहानसे मैदान वाढवून घ्यावयाचे ठरले, आणि ते वेळेवर झाले नाही. ११ एप्रिल १९६९ रोजी तेथे पहिला सामना झाला तेव्हा सुतारांचे ठोकणे चालूच होते, आणि तिकिटे हातात असलेले काही लोक आपली आसने तयार होण्याची वाट पाहत उभे होते. (तो सामना पायलट्सनी शिकागोविरुद्ध ७-० असा जिंकला, हेही नमूद केले पाहिजे.) गर्दी जराशी वाढली की नळाच्या पाण्याचा दाब उतरे. पाहुण्या संघातील खेळाडूंना अंघोळीसाठी हॉटेलवर परतावे लागे. तिकिटांचे दर मात्र इतर शहरांच्या मानाने चढे होते.

खेळाडूंच्या निवडीवरही याच तंगीची छाया पडलेली दिसते. ज्याला आजच गल्ला भरावयाचा आहे तो उद्याचे रोप लावीत नाही. पायलट्सनी नाव असलेले, वय झालेले खेळाडू पसंत केले. पहिली निवड डॉन मिंचर याची होती. टॉमी हार्परने त्या वर्षी ७३ बेस चोरून लीगमध्ये अव्वल क्रमांक मिळविला. बेस चोरणे म्हणजे पिचर चेंडू टाकण्याच्या तयारीत असताना पुढचा टप्पा धावत गाठणे, यात चापल्य लागते आणि प्रेक्षकांना ते फार आवडते. पण ल्यू पिनिएला नावाचा एक उमदा तरुण त्यांच्या हाती आलेला होता, त्याला हंगाम सुरू होण्यापूर्वीच कॅन्सस सिटीला देऊन टाकण्यात आले; आणि तो त्याच वर्षी लीगमधील सर्वोत्कृष्ट नवोदित खेळाडू ठरला. हंगामाच्या पूर्वार्धात संघाची कामगिरी नवख्याला शोभेल इतपत बरी होती. उत्तरार्धात ती कोसळली.

या हंगामाची एक साक्ष जिम बाउटन या पिचरने लिहून ठेवली आहे. त्याची ‘बॉल फोर’ ही रोजनिशी १९७० साली प्रसिद्ध झाली आणि बेसबॉलच्या अधिकाऱ्यांचा तिच्यावर फार रोष झाला. खेळाडूंच्या चावट गप्पांमुळे ती गाजली. परंतु मला तिच्यातील मोलाचा भाग वाटतो तो वेतनाच्या घासाघिशीचा. पूर्वी न्यूयॉर्कसाठी अंतिम स्पर्धेतील सामने जिंकून दिलेला हा माणूस पायलट्सकडे २२ हजार डॉलरवर राबत होता. दुसऱ्या संघाकडे जाऊन अधिक मागण्याचा मार्ग त्याला बंद होता, कारण करार संपल्यावरही खेळाडूवर जुन्या मालकाचाच हक्क राही. हे बंधन पुढे १९७५ च्या डिसेंबरात एका लवादाच्या निवाड्याने सुटले. ते सोडविणाऱ्या खेळाडू संघटनेचे प्रमुख मार्व्हिन मिलर हे पोलाद कामगारांच्या संघटनेत अर्थतज्ज्ञ म्हणून मुरलेले होते, हे आमच्या विषयाच्या विद्यार्थ्यांना सांगावयास हरकत नाही.

आता त्या प्रसिद्ध आरोपाकडे वळू. सिॲटलचे लोक आले नाहीत, असे म्हणतात. हंगामभरात ६ लाख ७७ हजार ९४४ प्रेक्षक आले. सामन्यामागे आठ-साडेआठ हजार. आकडा मोठा नाही. परंतु त्या वर्षी दोन्ही लीग मिळून जे २४ संघ होते त्यांत चार संघांना याहूनही कमी प्रेक्षक लाभले. क्लीव्हलंड, शिकागोचा व्हाइट सॉक्स, फिलाडेल्फिया आणि सॅन डिएगो हे ते चार. त्यांतील पहिल्या तिघांच्या पाठीशी कित्येक दशकांची परंपरा होती. सॅन डिएगो पायलट्सप्रमाणेच नवा होता, ११० सामने हरला होता, आणि त्याची प्रेक्षकसंख्या ५ लाख १२ हजारांवरच थांबली होती. हे चारही संघ आपापल्या जागी राहिले. शिवाय सिॲटलचा मुख्य उद्योग म्हणजे बोइंगचा विमान कारखाना, आणि तेथे याच सुमारास कामगारकपात सुरू झाली होती. १९६७ साली सुमारे १ लाख असलेली तेथील कामगारसंख्या १९७१ पर्यंत ४० हजारांच्या खाली गेली. ज्या शहराच्या घराघरांत उद्याच्या पगाराची धास्ती होती, त्याने अर्धवट बांधलेल्या मैदानावर चढ्या दराने पावणेसात लाख तिकिटे घेतली, यात उदासीनतेचा पुरावा कोठे आहे?

याउलट कॅन्सस सिटीकडे पाहावे. प्रवेशशुल्क तेच, निवडीचे नियम तेच. पण मालक इविंग कॉफमन हे औषधनिर्मितीच्या व्यवसायात गडगंज झालेले आणि त्याच शहरात राहणारे गृहस्थ होते, आणि ॲथलेटिक्सने सोडलेले मैदान आयते तयार होते. त्यांनी तरुण खेळाडू निवडले, थांबण्याची तयारी ठेवली. पहिल्या हंगामात हा संघ ६९ सामने जिंकला, म्हणजे पायलट्सहून केवळ पाच अधिक; १९८५ मध्ये तो देशाचा विजेता झाला. पाच सामन्यांचे अंतर हे काही जगण्या-मरण्याचे अंतर नव्हे. अंतर होते ते तोटा सोसण्याच्या शक्तीचे. लीगने घातलेल्या अटी या थैलीची परीक्षा होती. खेळाशी तिचा संबंध बेताचाच होता.

हंगाम संपत नाही तोच मालकांनी गिऱ्हाईक शोधले. मिलवॉकीचे बड सीलिग यांच्याशी १९६९ च्या शरदात आतल्या आत बोलणी झाली. मिलवॉकीचीही एक जखम होती. १९५३ मध्ये बॉस्टनहून आलेला त्यांचा ‘ब्रेव्हज’ संघ १९६५ च्या हंगामानंतर अटलांटाला निघून गेला होता. एका शहराने गमावलेल्या संघाची भरपाई दुसऱ्या शहराच्या संघाने व्हावयाची, असा हा रहाटगाडग्याचा व्यवहार आहे. सिॲटलमध्ये संघ वाचविण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. एका स्थानिक चित्रपटगृह-मालकाने संघ घेण्याची तयारी केली, तोच बँकेने आधीचे कर्ज परत मागितले आणि तो बेत फसला. त्यानंतर हॉटेल व्यवसायातील एडवर्ड कार्लसन यांनी नफा न घेणारी संस्था स्थापून नागरिकांच्या वतीने संघ चालविण्याची योजना मांडली. लीगच्या मालकांनी ती नाकारली. या सगळ्या हकिकतीतील सर्वांत बोलकी गोष्ट मला हीच वाटते. दुबळे भांडवल, अपुरे मैदान, कर्जाचा बोजा, हे सारे त्यांना प्रवेशाच्या वेळी चालले होते; नफ्याचा अभाव तेवढा चालला नाही. एका शहराने संघ स्वतःच्या मालकीचा केला की इतर शहरेही तशी मागणी करतील आणि संघ हलविण्याची धमकी देऊन सवलती उकळण्याचा मार्ग बंद होईल, ही भीती त्यामागे असावी असा तर्क केल्यास तो अन्यायाचा ठरू नये.

राज्य सरकारने न्यायालयातून मनाई हुकूम आणला. त्यावर मालकांनी मार्च १९७० मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. सुनावणीत असे सांगण्यात आले की, पगारासाठी पैसे नाहीत, आणि पगार दहा दिवसांहून अधिक थकला तर करारानुसार सर्व खेळाडू मोकळे होतील. खेळाडू मोकळे होणे म्हणजे कंपनीची एकमेव मौल्यवान मालमत्ता हवेत विरणे. हा युक्तिवाद निर्णायक ठरला. ३१ मार्च रोजी दिवाळखोरीची प्रकरणे पाहणारे न्यायाधिकारी सिडनी व्होलिन यांनी विक्रीला वाट करून दिली. संघाचे सामान भरलेली मालमोटार तेव्हा यूटा राज्यात उभी होती. उत्तरेला सिॲटलकडे वळावयाचे की पूर्वेला मिलवॉकीकडे, याचा निरोप चालकाला यावयाचा होता. ७ एप्रिलला मिलवॉकीत पहिला सामना झाला. नवे गणवेश शिवण्यास अवधी नव्हता, म्हणून पायलट्सच्या अंगरख्यांवरील जुनी अक्षरे उसवून नवी बसविण्यात आली. सदतीस हजारांवर लोक जमले, आणि संघ १२-० असा हरला.

विक्रीची किंमत होती १ कोटी ८ लाख डॉलर. दिवाळ्यात निघालेल्या, ९८ सामने हरलेल्या संघाला प्रवेशशुल्काच्या दुपटीहून अधिक मोल आले, कारण विकले गेले ते लीगमधील एक आसन होते. खेळाडू त्याच्यासोबत आले. गंमत अशी की, नव्या मालकांनी कर खात्यापुढे नेमके उलटे सांगितले. एकूण किमतीपैकी १ कोटी २ लाख डॉलर त्यांनी खेळाडूंच्या करारांपोटी दाखविले आणि आसनापोटी केवळ ५ लाख. यंत्राप्रमाणे खेळाडूही झिजतो, म्हणून त्याच्या किमतीचा घसारा उत्पन्नातून वजा करता येतो. आसनाचा त्या काळी करता येत नसे. दीड वर्षापूर्वी ज्या तीस खेळाडूंना ५२ लाख ५० हजार पडले होते, ते आणि मधल्या काळात घेतलेले कनिष्ठ संघांतील खेळाडू मिळून गटाच्या तळाशी पोहोचल्यानंतर असे महागले. कर खात्याने हरकत घेतली, प्रकरण वर्षानुवर्षे चालले, आणि १९८४ साली अपील न्यायालयाने मालकांचा हिशेब मान्य केला. म्हणजे सिॲटलच्या या पराभूत हंगामाचा काही भार देशभरच्या करदात्यानेही उचलला.

सिॲटलने हार मानली नाही. वॉशिंग्टन राज्य, परगणा आणि शहर यांनी मिळून अमेरिकन लीगवर कोट्यवधी डॉलरांचा दावा लावला. १९७६ च्या आरंभी ज्यूरीपुढे साक्षी होऊ लागल्या आणि मालकांना आपले अंतर्गत व्यवहार शपथेवर सांगण्याची पाळी आली, तेव्हा लीगने तडजोड करून नवा संघ देऊ केला. ‘मरिनर्स’ या नावाने तो १९७७ मध्ये खेळू लागला. या संघाच्या पहिल्या हंगामाचा निकाल असा: ६४ विजय, ९८ पराभव. पायलट्सहून एकाही सामन्याचा फरक नाही. मात्र या वेळी छप्पर असलेले नवे क्रीडागार तयार होते, आणि प्रेक्षक आले १३ लाख ३८ हजार ५११, म्हणजे जवळजवळ दुप्पट. तेच शहर, तसाच हरणारा संघ. ते क्रीडागार, १९६८ च्या रोख्यांतून उभे राहिलेले ‘किंगडोम’, २००० साली सुरुंग लावून पाडण्यात आले. त्याच्यापायी झालेले कर्ज फिटावयास २०१५ उजाडले.

आणि ज्या ॲथलेटिक्सने कॅन्सस सिटी सोडल्यामुळे हा सारा प्रकार घडला, त्याने २०२४ च्या हंगामाअखेर ओकलंडही सोडले. लास वेगासमध्ये त्याला नवे क्रीडागार हवे होते. त्यासाठी नेव्हाडा राज्याने २०२३ मध्ये ३८ कोटी डॉलरपर्यंत सार्वजनिक पैसा मंजूर केला आहे. ते बांधून होईतो हा संघ २०२५ पासून कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटोजवळ, एका कनिष्ठ संघाच्या लहानशा मैदानावर आपले सामने खेळू लागला. आपल्या नावामागे कोणत्याही शहराचे नाव तो लावीत नाही.